मागच्या खिशाचं बटण

मी जन्मले याबद्दल आमच्या घरात दुमत नव्हतं. कोणाची म्हणून जन्मले, एवढाच काय तो वाद होता.

तो वाद निकालात निघाला त्या दुपारी मी आईच्या खांद्यावर झोपले होते, तेव्हा माझी साक्ष धरू नका. पण त्या खोलीत हजर असलेल्या प्रत्येकाने पुढे कधी ना कधी मला बाजूला घेऊन आपली बाजू ऐकवली आहे. आजीने तणतणत, मोठ्या काकांनी समजावणीच्या सुरात, काकूने एकदाच आणि थोडक्यात. बाबांनी तर मी न विचारता, आणि बरेचदा. आईची बाजू मी रोजच्या जेवणाबरोबर ऐकत मोठी झाले. सगळ्यांचं ऐकून मला जे दिसलं ते मी सांगते आहे. ज्याला पटणार नाही त्याने आपलं वेगळं लिहावं.

तर त्या दिवशी लाँड्रीला सुट्टी होती. शटर खाली होतं, मशीन बंद होतं, मागच्या खोलीत दोऱ्यांवर घरचे कपडे वाळत होते. सुट्टीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे घरचे कपडे निघतात, गिऱ्हाइकांचे संपल्यावर. आई बाळंतपणानंतर पहिल्यांदाच जिना उतरून खाली आली होती, टाक्यांची पर्वा न करता, कठड्याला धरून, मला खांद्यावर टाकून. मागून बाबा "अगं हळू, अगं पडशील" करत येत होते. तिने दोरीवरून बाबांची करडी पँट ओढली, मागच्या खिशाचं बटण काढलं आणि आत बोटं घातली. बोटांना ओल्या कागदाचा एक गोळा लागला.

तो गोळा म्हणजे मी. दवाखान्याने घरी सोडताना दिलेला कागद होता तो. आईचं नाव, बाबांचं नाव, मुलगी, वजन, तारीख, डॉक्टरीणबाईंची सही. तो घेऊन नोंदणी कचेरीत जायचं, की आपण जन्मलो असं सरकार मान्य करतं. घरी आल्यापासून आई बाबांच्या मागे लागली होती आणि बाबा रोज उद्यावर ढकलत होते. आज कचेरीत गर्दी असेल, आज साहेब रजेवर असेल, आज पाय दुखतोय. मुदत संपत आली तसं तिने त्या सकाळी सांगितलं, "द्या तो कागद, उद्या मीच जाते." तेव्हा कुठे बाबांनी तोंड उघडलं. "तो ना... पँटीत राहिला बहुतेक."

"ताई!" आई ओरडली. घरात मी सोडून सगळे दचकले. "ताई, खाली या! बघा काय केलंत ते!"

ताई म्हणजे आईची मोठी जाऊ, माझी काकू. आईने थेट तिलाच हाक मारली याला कारण होतं. आमच्या घरी काहीही होऊ शकतं, पण खिशात कागद राहून कपडा मशीनमध्ये जाऊ शकत नाही. आजोबांच्या हातून एका गिऱ्हाइकाच्या कोटात राहिलेला त्याच्या गेलेल्या मुलाचा एकुलता एक फोटो धुऊन निघाला, ती हकिकत आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. त्या दिवसापासून आजोबांनी मशीनच्या अलीकडे एक टेबल टाकलं. प्रत्येक कपडा आधी त्या टेबलावर यायचा. बटण काढायचं, खिसा चाचपायचा, मिळेल ते पत्र्याच्या डब्यात टाकायचं, खिसा उघडाच ठेवायचा. बसचं फाटकं तिकीट असलं तरी डब्यात. आजोबा गेले, टेबल राहिलं, आणि लग्न होऊन आल्यापासून त्या टेबलाशी काकू उभी असायची. तिच्या हातून कोणाची सुपारीसुद्धा कधी धुऊन निघाली नव्हती.

काकू आली. मागून आजी आणि काकाही आले. आईने तो गोळा इस्त्रीच्या टेबलावर आपटला.

"माझ्या पोरीचा कागद आहे हा," ती म्हणाली. "होता."

काकूने बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "असं कसं होईल? मी तो काढून डब्यात टाकला होता. स्वतःच्या हाताने टाकला."

"डब्यात टाकला आणि तो चालत चालत पँटीत गेला?"

"मी खोटं कशाला बोलू गं?"

"ते मला काय विचारता? तुमचं तुम्हाला माहीत."

आता खरं तर आजीने म्हणायला हवं होतं की जाऊ द्या, दवाखान्यातून दुसरा आणू. कुठल्याही शहाण्या घरात तेच झालं असतं. पण आजीने खुर्ची ओढली, गोळ्याकडे जेमतेम पाहिलं आणि म्हणाली, "झालं ते एका परीने बरंच झालं. बस जरा. बोलायचंच होतं तुझ्याशी."

आई बसली नाही. "काय बोलायचं होतं?"

आजीने काकांकडे पाहिलं. मोठे काका म्हणजे घरातला शेवटचा शब्द. आजोबा गेले तेव्हा बाबा शाळेत होते. काकांनी स्वतःचं शिक्षण सोडून मशीनचा पट्टा हातात घेतला, भावाला शिकवलं, त्याचं लग्न लावलं. हे ते स्वतः कधी बोलून दाखवत नसत. बोलून दाखवायचं काम आजीकडे होतं.

"हे बघ," काका म्हणाले, "तू शांतपणे ऐक. पोर याच घरात वाढणार. तूच पाजणार, तूच निजवणार. कोणी तिला तुझ्यापासून तोडत नाहीये. फक्त कचेरीत नोंद करताना आमच्या दोघांच्या नावावर करायची. घरी जन्मली म्हणून सांगायचं. सुईणीचा दाखला मी आणतो, माझ्या ओळखीची बाई आहे. नुसता कागदाचा प्रश्न आहे."

"नुसता कागदाचा प्रश्न असेल तर माझंच नाव राहू दे की."

"तुला अजून होतील गं," आजी म्हणाली. "तुझं काय वय गेलंय? हिचं बघ."

हिचं म्हणजे काकूचं. काकू खाली मान घालून उभी होती. आजी तिच्या पोटाकडे असं बघत असे, जसं भाडं थकवलेल्या खोलीकडे घरमालक बघतो. इतकी वर्षं ती नजर सोसून काकूची मान तशीच झाली होती.

"मुलगी झाली तेव्हा मला वाटलं होतं, आता तरी तुम्ही सगळे माझा नाद सोडाल," आई म्हणाली. "मुलगा असता तर डोळा ठेवला असतात असं वाटायचं मला. तुम्हाला मुलगीही चालते? एवढे उदार कधीपासून झालात?"

"जीभ आवर," आजी म्हणाली.

आईने आजीकडे लक्षच दिलं नाही. ती बाबांकडे वळली. बाबा इस्त्रीची वायर गुंडाळत होते. इस्त्री बंद होती, वायर आधीच गुंडाळलेली होती, तरी ते ती सोडत होते आणि परत गुंडाळत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

बाबा वायरशी बोलल्यासारखे बोलले. "दादाने मला वाढवलंय गं."

"मी ते विचारलं नाही."

"माहीत होतं," काका म्हणाले. "पोट दिसायला लागलं तेव्हाच आम्ही बोललो. त्यानेच सांगितलं की तू तयार आहेस."

आई सांगते की त्या क्षणी तिला बाबांचा राग आलाच नाही, आधी फक्त लाज वाटली, की आपण या माणसाला रोज ताटाशी हाक मारतो. राग नंतर आला, आणि मग तो काही गेला नाही.

पण मला इथे काकूबद्दल बोलायचं आहे. कारण काकांचं ते वाक्य ऐकून आईइतकाच धक्का तिलाही बसला होता, आणि ते त्या खोलीत एकाच्याही ध्यानात आलं नाही. काकूला सांगितलं होतं की धाकटीनेच सुचवलं. धाकटी म्हणाली, ताईंची ओटी भरू दे, मला काय, दुसरं होईल. काकूने ते खरं मानलं. मग तिने आईचे सुजलेले पाय चेपले, तिच्या वाटणीचं ओझं उचललं, माझी दुपटी शिवली. आईला वाटायचं जाऊ किती मायेची आहे. काकूला वाटायचं जाऊ किती मोठ्या मनाची आहे. दोघी एकमेकींचे उपकार मानत होत्या आणि दोघींनाही बनवणारा माणूस त्याच घरात पोटभर जेवत होता.

"तू मला दिलीस असं मला सांगितलं होतं गं," काकू म्हणाली.

"दिली? पोर काय जुना पलंग आहे द्यायला?" आई उसळली. "वा! मग मी आयत्या वेळी फिरेन या भीतीने कागद धुऊन टाकलात होय? टेबलावर तुम्ही असता. खिसे तुम्ही बघता. अख्ख्या गावाच्या चिठ्ठ्या तुम्हाला सापडतात आणि नेमका माझ्या पोरीचा कागद सापडत नाही? पोर पाहिजे होती तर तोंडाने मागायची होती, ताई. नाही म्हटलं असतं, पण तोंडावर म्हटलं असतं."

काकूने ती करडी पँट जवळ घेतली. रडू येऊ नये म्हणून हाताला काहीतरी लागतं, तशी घेतली होती, असं ती म्हणाली मला. मग तिचे हात आपल्या सवयीने कामाला लागले. पुढचे दोन्ही खिसे उलटे बाहेर आलेले होते, तिने ठेवले होते तसेच. मागच्या खिशावर तिचा अंगठा थांबला.

"तू काढलंस हे बटण?" तिने आईला विचारलं.

"मग? काढल्याशिवाय कागद हाती आला?"

"म्हणजे लावलेलं होतं."

"होतं. त्याचं काय?"

काकूला तेव्हाच सगळं कळलं. तिने कागद काढला तेव्हा बटण काढलं होतं, आणि काढलेलं बटण ती कधी लावत नाही. त्या घरातल्या बाईमाणसाला, अगदी आजीलाही, हे ठाऊक होतं. मागच्या खिशाला बटण लावणारं माणूस घरात एकच होतं.

मी काकूला विचारलं होतं, तेव्हा तुझ्या मनात काय आलं? ती म्हणाली, "खरं सांगू? आलं की आपण गप्प बसावं. बटणाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. कागद गेलेला होता. तुझी आई एकटी पडली होती, आज ना उद्या रडून थकली असती. आणि तू... तू तेव्हा जागी झालीस आणि माझ्याकडे बघितलंस. तेवढ्या वयात बाळाला दिसत नाही म्हणतात. पण मला वाटलं बघितलंस." मग ती कपडे उचलायला गेली.

त्या दुपारी मात्र ती बोलली. "मी बटण उघडं ठेवलं होतं. माझ्यामागे कोणीतरी कागद डब्यातून काढून परत खिशात घातला आणि बटण लावलं."

"मशीनमध्ये लागलं असेल," आजी म्हणाली. लाँड्रीत आयुष्य काढलेली बाई, आणि असं बोलली.

"मशीन बटणं तोडतं, आई. लावत नाही."

काकांनी एकदम मान वर केली. त्यांचं श्रेय त्यांना द्यायला हवं, त्यांना खरंच माहीत नव्हतं. "मी हात लावलेला नाही," ते म्हणाले. "मला लपवून काही करायचं असतं तर आत्ता इथे तोंडाने सांगत बसलो नसतो." मग त्यांनी भावाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

बाबांनी वायर खाली ठेवली.

"पँट मी टेबलावर टाकली कागदासकट," ते म्हणाले. "वाटलं घरचीच आहे, कोण बघतंय. वहिनीने बघितलं. मग ती दाराशी गिऱ्हाइकाकडे गेली तेव्हा मी डब्यातून काढला आणि परत..."

"का?" आई म्हणाली.

"दादाला नाही म्हणता येत नव्हतं. तुला सांगता येत नव्हतं. मला वाटलं, कागदच नसला की आपोआप होईल. कोणाला काही सांगायला लागणार नाही."

"आणि बटण?"

"ते सवयीने. खिशात काही ठेवलं की मी लावतो. पडू नये म्हणून."

"धुऊन नासवायचा कागद," आई सावकाश म्हणाली, "पडू नये म्हणून तुम्ही बटण लावलंत."

काका हसले. हसू आवरलंच नाही त्यांना, मग त्याचं खोकल्यात रूपांतर केलं. "लेका," ते म्हणाले, "मी तुला साधं एक काम सांगितलं होतं. बायकोशी बोल. तू म्हणालास, बोललो. मी हिला सांगून बसलो. आता मी कोणाला तोंड दाखवू?"

आई हसली नाही, रडलीही नाही. "उद्या मी दवाखान्यात जाते आणि दुसरा कागद आणते," ती म्हणाली. "आणि तिथून कचेरीत."

"कोण नेतंय तुला या अवस्थेत?" आजी म्हणाली. "या घरातलं कोणी येणार नाही. आणि तू गं," ती काकूवर घसरली, "तुझ्यासाठी आम्ही जिवाचं रान करतोय आणि तू बटणं मोजतेस? पोटी काही नाही आणि तोरा केवढा! आता बस आयुष्यभर लोकांचे खिसे चाचपत."

"तुझ्यासाठीच चाललं होतं सगळं," काकाही म्हणाले. ओरडून नाही. ते खरंच दुखावले होते. त्यांनाही बाप व्हायचं होतं, पण पुरुषाला ते बायकोच्या नावावर खपवता येतं.

काकूने पँट घडी घालून टेबलावर ठेवली. "मी सुईणीच्या कागदावर सही करणार नाही," ती म्हणाली. "उद्या हिच्याबरोबर मी जाते."

आई मला घेऊन जिना चढली. ठीक आहे म्हणाली नाही, बरं म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी रिक्षाने गेल्या. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी वही उघडून बघितलं आणि नवा कागद सही करून दिला. इतकं सोपं होतं ते! ज्याच्यासाठी एका माणसाने स्वतःचा संसार मशीनमध्ये घातला, तो कागद पाच मिनिटांत मिळाला. कचेरीत मात्र बाकावर बसून राहावं लागलं. आईचे टाके ओढत होते, घामाने तिचा चेहरा ओला झाला होता. काकूने न विचारता मला तिच्याकडून घेतलं. आईने घेऊ दिलं, कारण तिच्यात ताकद उरली नव्हती.

खिडकीमागचा कारकून भला माणूस असावा. त्याने आईला आत बोलावून खुर्ची दिली.

"आईचं नाव?"

आईने सांगितलं. पूर्ण नाव, जोरात, बाकावरच्या लोकांनी वळून बघावं इतक्या जोरात.

"वडिलांचं?"

आई थांबली. काकू सांगते की तिला वाटलं, आता ही काहीतरी वेडंवाकडं बोलणार.

"आहे तेच लिहा," आई म्हणाली आणि बाबांचं नाव सांगितलं. "खोटं लिहायची हौस मला नाही."

"वडील आले नाहीत?"

"कपडे वाळत घालतायत."

ते खरंच होतं. आणि अजूनही खरं आहे. अख्ख्या गावाचे कपडे धुणाऱ्या आमच्या घरात एकच माणूस स्वतःचे कपडे स्वतः धुतो, स्वतः वाळत घालतो. आईने त्या दिवसानंतर बाबांच्या कपड्याला हात लावलेला नाही, आणि काकूला टेबलावर ते घेऊ दिलेले नाहीत.

"बाळाचं नाव?"

"नंतर."

"चालेल, नंतर घालता येतं," कारकून म्हणाला. "आता माहिती देणाऱ्याची सही. वडील नसतील तर घरातलं दुसरं मोठं माणूस लागतं. या कोण?"

आईने मागे वळून पाहिलं. काकू भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्या खांद्यावर झोपले होते, तिच्या पदराची कड मुठीत धरून.

"या करतील," आई म्हणाली.

काकू पुढे आली. एका हाताने मला सावरत तिने दुसऱ्या हाताने पेन घेतलं. कागद सरकायला लागला.

"बाई, असं नाही जमायचं," कारकून म्हणाला. "आधी बाळ त्याच्या आईकडे द्या आणि मग नीट सही करा."

त्या बिचाऱ्याला काय माहीत. काकूने पेन खाली ठेवलं. आईने हात पुढे केले. काकूने माझी मूठ सोडवली, एकेक बोट करून, आणि मला दिलं. मग तिने सही केली. सहीच्या खाली 'बाळाशी नातं' असं छापलेलं होतं. तिथे तिने लिहिलं, काकू. तिचं अक्षर चांगलं आहे. त्या कागदाची नक्कल माझ्याकडे आहे आणि तो एकच शब्द त्यावर मोत्यासारखा उतरलाय.

आईने तिचे आभार मानले नाहीत. आजही विषय निघाला की म्हणते, "उपकार कसले? माझं होतं तेच तर मला मिळालं." ते चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

येताना रिक्षात मी रडायला लागले. आईला मला धरवत नव्हतं, टाक्यांवर माझे पाय लागत होते. शेजारी काकू रिकाम्या हातांनी बसली होती. आईने मला दिलं नाही. काकूनेही मागितलं नाही. पुढे मी त्या घरात वाढले, तिच्या टेबलाखाली रांगले, तिथेच चालायला शिकले, आणि मला घेण्यासाठी तिने पुन्हा कधी हात पुढे केला नाही.